जुन्या गाडीचा डायनॅमो: आवाज बंद करायच्या आधी तो ऐका

आजचा भाग आहे जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात असा एखादा माणूस आहे त्या बिचाऱ्यांसाठीही.

मी रियाधहून बोलतोय. पोटापाण्यासाठी आयटी सल्लागार, कागदावर एमबीए. पण शुक्रवारी संध्याकाळी माझे पाय वळतात ते सनाइयाकडे. सौदीत प्रत्येक मोठ्या शहराला एक सनाइया असते, म्हणजे गॅरेजं, वेल्डिंगवाले, टायरवाले आणि स्पेअर पार्टवाले यांची वसाहत. तिथे अरबी, उर्दू, मल्याळम आणि मोडकी हिंदी अशा चार भाषांच्या मिसळीत गाड्या दुरुस्त होतात. त्याच मिसळीत शिकलेली एक गोष्ट आज सांगणार आहे. विषय आहे, आवाज करणारा आणि हळूहळू चार्जिंग सोडणारा डायनॅमो.

सौदीत जुन्या गाड्यांचा शौक भरपूर आहे. १९३८ मध्ये दम्मामजवळच्या सात नंबरच्या विहिरीला तेल लागलं आणि त्यापाठोपाठ अमेरिकन ट्रक, पिकअप आणि जीप इथे येत गेल्या. नंतर ब्रिटिश लँड रोव्हर आल्या, जपानी लँड क्रूझर आल्या. त्यातल्या काही अजून चालतात. हवा कोरडी असल्यामुळे पत्रा गंजत नाही. कोकणातल्या गाडीवाल्याला हेवा वाटावा असे पत्रे इथे साठ वर्षांनंतरही दिसतात. पण जी हवा पत्रा वाचवते, तीच उष्णता आणि धूळ घेऊन विजेच्या भागांवर उठते. रियाधच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणं नेहमीचंच. बॉनेटखाली काय होत असेल, याची कल्पना करा.

आता डायनॅमो म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कारण नावाचाच मोठा गोंधळ आहे. आपल्याकडचे मेकॅनिक आजच्या गाडीतल्या अल्टरनेटरलाही डायनॅमोच म्हणतात. इथे अरबीतही ‘दिनमो’ म्हटलं की दुकानदार सरळ अल्टरनेटर काढून समोर ठेवतो. लहानपणी सायकलच्या टायरला घासून दिवा लावणारी ती बाटली आठवते ना? तिलाही आपण डायनॅमो म्हणायचो. खरं तर तीसुद्धा आतून एक छोटा अल्टरनेटरच. म्हणून दुकानात जाताना जुना नग सोबत न्या, नाव सांगून भागत नाही.

खरा डायनॅमो ओळखायचा कसा? लांबट, गोल, नळकांड्यासारखा, पुढे पुली आणि मागे दोन वायरी. आत बाहेरच्या बाजूला तारेची दोन वेटोळी असतात, त्यांना फील्ड कॉइल म्हणतात. मध्ये फिरतो तो आर्मेचर. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं असतं, ते कॉम्युटेटर. त्यावर दोन कार्बन ब्रश दाबून बसलेले असतात. आपले मेकॅनिक त्यांना नुसतं ‘कार्बन’ म्हणतात. इथला कारागीर त्यांना ‘फहमात’ म्हणतो, म्हणजे कोळसे. दोन देश, दोन भाषा, नाव मात्र एकाच काळ्या वस्तूवरून. आर्मेचर फिरलं की त्यात वीज तयार होते, कॉम्युटेटर ती एका दिशेची करतो आणि कार्बनमधून ती बाहेर येते.

मग मनात प्रश्न येतो. वीज तयार व्हायला चुंबक लागतो आणि फील्ड कॉइलचा चुंबक व्हायला वीज लागते. तर पहिली वीज येते कुठून? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे: विरजण. काल वापरून झालेल्या फील्डच्या लोखंडात चुंबकत्वाचा एक अंश शिल्लक राहतो. आर्मेचर फिरलं की त्या अंशावर थोडी वीज तयार होते, ती फील्डमध्ये जाते, चुंबक वाढतो, वीज आणखी वाढते. चमचाभर दह्यावर पातेलंभर दूध विरजतं, तसंच. आणि घरातलं विरजणच संपलं तर शेजारून चमचाभर आणावं लागतं. तो शेजारी म्हणजे बॅटरी. त्याकडे पुढे येतो.

डायनॅमोसोबत एक डबी असते. तिच्यात कटआउट आणि रेग्युलेटर असतात. गाडी हळू चालत असताना डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असतं. तेव्हा बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत वाहू नये म्हणून कटआउट वाट तोडतो. रेग्युलेटर वरची मर्यादा सांभाळतो. म्हणून जुन्या गाडीत इंजिन आयडलिंगला असताना लाल दिवा मिणमिणला, तर घाबरू नका. ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर तो विझला पाहिजे. नाही विझला, तर मात्र काळजी करा.

ही यंत्रणा मागे पडली ती याच कमकुवतपणामुळे. १९६० मध्ये क्रायस्लरच्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर सरसकट बसवला गेला आणि मग सगळ्यांनी तीच वाट धरली. लँड रोव्हरची सिरीज थ्री १९७१ मध्ये आली ती अल्टरनेटर घेऊनच. मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या सुरुवातीच्या फियाट अकराशेंमध्येही डायनॅमोच होता. साठच्या दशकातल्या लँड रोव्हरमध्ये बसणारा लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. बारा व्होल्टने गुणलं तर साधारण २६५ वॅट. त्यात हेडलाइट, वायपर, इग्निशन सगळं भागवायचं. एसीचं तर नावच काढू नका.

आता मूळ मुद्दा. डायनॅमो मरायच्या आधी बहुतेक वेळा आवाज करतो. आणि त्या आवाजावर आपण जो पहिला उपाय करतो, तोच पुष्कळदा त्याला मारतो.

माझ्या एका मित्राच्या सिरीज टू-ए लँड रोव्हरचं उदाहरण सांगतो. सकाळी गाडी सुरू केली की पट्टा किंचाळायचा. एका गॅरेजमध्ये पट्टा ताणून दिला. किंचाळणं थांबलं, सगळे खूश. दोन महिन्यांनी घरघर सुरू झाली. मग बॅटरी उतरू लागली. बॅटरी बदलली. पुन्हा उतरली. रेग्युलेटरची डबी बदलली. पुन्हा तेच. आमच्या आयटीत याला म्हणतात तिकीट बंद करणं. तक्रार मिटली, कारण तसंच राहिलं. शेवटी सनाइयातल्या एका वयस्क इलेक्ट्रिशियनने गाडीला हातही न लावता विचारलं, ‘पहले आवाज कौनसा था?’ दुरुस्ती त्या प्रश्नापासून सुरू झाली.

काय घडलं होतं ते पाहा. डायनॅमोच्या पुढच्या टोकाला, पुलीजवळ, बॉल बेअरिंग असतं. मागच्या टोकाला मात्र बेअरिंग नसून पितळी रंगाचा कांस्याचा सच्छिद्र बुश असतो, जो आपल्या अंगात तेल मुरवून ठेवतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेत ते तेल वाळून गेलं होतं. कोरडा बुश घासू लागला, डायनॅमो जड फिरू लागला, म्हणून पट्टा घसरून किंचाळत होता. पट्टा आणखी ताणला, तेव्हा शाफ्टवर आडवा जोर वाढला आणि कोरडा बुश आणखी वेगाने झिजला. बुश झिजल्यावर शाफ्ट डुलू लागला. शाफ्ट डुलला की कॉम्युटेटरही डुलतो, त्यावरचे कार्बन उड्या मारतात, ठिणग्या पडतात, तांबं काळं पडतं आणि चार्जिंग कमी होतं. शेवटी फिरतं आर्मेचर फील्डच्या लोखंडाला घासू लागतं. ती घरघर त्याची होती. म्हणजे आवाज आणि कमी चार्जिंग हे दोन आजार नव्हते. एकाच आजाराची ती दोन लक्षणं होती, आणि सुरुवातीला त्याची किंमत होती तेलाचे दोन थेंब.

म्हणून आवाज ओळखायला शिका. थंड इंजिन सुरू करताना येणारी किंचाळी बहुधा पट्ट्याची. पट्टा गुळगुळीत, चकचकीत झाला असेल तर तो बदला. पट्टा चांगला असून किंचाळत असेल, तर पट्टा सैल करून पुली हाताने फिरवून पाहा. जड, खरबरीत लागली तर दोष डायनॅमोत आहे. एकसारखी घरघर, वेग वाढला की वाढणारी, ही पुढच्या बॉल बेअरिंगची. इथे दुकानात बेअरिंगला ‘रुम्मान’ म्हणतात, ऐकायला अगदी डाळिंबाच्या अरबी नावासारखं. खडखड येत असेल तर मागचा बुश, सैल पुली किंवा डायनॅमोचे ढिले नटबोल्ट. बारीक चिरचिर किंवा शीळ म्हणजे कार्बन आणि कॉम्युटेटरचं पटत नाही.

आवाज नक्की कुठला, हे ठरवायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक डायनॅमोच्या अंगावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला वेगवेगळं ऐका. सैल कपडे, उपरणं, मोकळे केस पंख्यापासून लांब ठेवा. तरी शंका राहिली तर पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर तो पट्ट्यावर चालणाऱ्या भागांचा, म्हणजे डायनॅमोचा किंवा वॉटर पंपाचा. पण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही, कारण पट्टा नसला की पाणीही फिरत नाही.

आता चार्जिंग तपासू. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद करा. डायनॅमोच्या मागे दोन टोकं असतात, जाड वायरीचं डी आणि बारीक वायरीचं एफ. दोन्ही वायरी काढा. डी आणि एफ ही टोकं एका तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटरची एक पिन त्या तुकड्याला आणि दुसरी डायनॅमोच्या अंगाला लावा. इंजिन सुरू करा आणि वेग अगदी सावकाश वाढवा. आकडा भराभर वर चढला तर डायनॅमो ठणठणीत आहे, दोष वायरीत किंवा डबीत शोधा. वीस व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि इंजिन जोरात रेस करू नका. आकडा एकाच व्होल्टच्या आसपास अडकला तर संशय फील्ड कॉइलवर. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचरवर. काहीच आलं नाही तर आधी कार्बन पाहा. या एका चाचणीने मित्राचे बॅटरीचे आणि डबीचे पैसे वाचले असते.

एक इशारा. साठच्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, मायनस नव्हे. अशा गाडीत मोबाइलचा चार्जर किंवा आधुनिक रेडिओ न बघता जोडला तर तो जळतो. काम सुरू करायच्या आधी हे पाहा आणि मग बॅटरीची वायर काढा.

डायनॅमो उघडायचा ठरला तर घाई नको. मागचं झाकण धरणारे दोन लांब स्क्रू काढले की तो उघडतो. आत काळी भुकटी दिसेल, ती कार्बनची. सौदीत त्यात बारीक वाळूही मिसळलेली असते. तोंडाला मास्क लावून, मोकळ्या हवेत हवेच्या दाबाने ती उडवा. ही भुकटी साचली की तिच्यातूनच वीज बॉडीला गळते. फील्डचं लोखंड पाहा. त्यावर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर बुश नक्की गेला. कॉम्युटेटर काळा असेल तर बारीक काचकागदाने घासा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि पट्ट्यांच्या फटीत अडकतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल तर तो जेमतेम पाऊण मिलिमीटर खाली खरवडावा लागतो, नाहीतर कार्बन त्यावर उडत राहतात. कारागीर यासाठी घासून पातळ केलेलं हॅकसॉचं पान वापरतात. कार्बन आखूड झाले असतील तर जोडीने बदला, एकच बदलू नका.

सी-४० ची फील्ड कॉइल मीटरवर सुमारे सहा ओहम दाखवते. आकडा अगदीच कमी आला तर आत शॉर्ट, काहीच आला नाही तर तार तुटली. आर्मेचरच्या पट्टी आणि शाफ्टमध्ये मात्र जोड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर वाइंडिंग जळलं. तरीही डायनॅमो फेकू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शेतीपंपाच्या मोटारी भरणारे असतात, इथे सनाइयात पाण्याच्या पंपांच्या आणि एसीच्या मोटारी भरणारे आहेत. वाइंडिंग भरणाऱ्या हाताला आर्मेचर नवीन नाही. फक्त जुनं उलगडताना किती वेढे आणि किती जाड तार, हे लिहून ठेवायला सांगा.

नवीन बुश बसवताना त्याला चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. हा बुश मोठा करायला रीमर फिरवायचा नाही, त्याची छिद्रं बुजतात आणि तेल मुरवण्याचा गुणच जातो. पुढचं बॉल बेअरिंग बदलून त्यात उष्णता सोसणारं ग्रीस भरा.

सगळं जोडून झालं आणि डायनॅमो तरी गप्प बसला, तर विरजणाची गोष्ट आठवा. लुकासच्या डायनॅमोत एफची वायर डायनॅमोवरून काढायची. मग बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलेलं नाही, त्यावरून एक वायर आणून डायनॅमोच्या एफ टोकाला क्षणभर टेकवायची, दोन-तीन वेळा. बारीक ठिणगी दिसेल. चुंबकाचा अंश परत आला. काम झालं की वायर पुन्हा जोडा. अमेरिकन गाड्यांमध्ये जोडणी वेगळी असते. तिथे त्या गाडीच्या मॅन्युअलमधली रीत पाहिल्याशिवाय हे करू नका.

पट्टा परत चढवताना त्याच्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबा. तो बारा ते पंधरा मिलिमीटर दबला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा वाजणारा पट्टा म्हणजे बुशाला शिक्षा. आणि मागच्या झाकणावर तेलासाठी छोटं भोक असतं. दर सर्व्हिसिंगला त्यात दोन-तीन थेंब सोडा. जास्त नको, जादा तेल कॉम्युटेटरवर पसरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं आपण का करतोय? रियाधहून दम्माम चारशे किलोमीटर आहे आणि मध्ये लांबच लांब वाळू. वाटेत लाल दिवा लागला तर पहिली गोष्ट म्हणजे गाडी बाजूला घ्या आणि पट्टा पाहा. पट्टा तुटला असेल तर पुढे जाऊ नका, पाणी फिरत नाही आणि इंजिन जळेल. पट्टा जागेवर आणि फिरता असेल तर मग हिशेब करा. इग्निशनला तीन-चार अँपिअर लागतात. पन्नास अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली चांगली बॅटरी कागदावर बारा तास पुरते. प्रत्यक्षात अर्धेच धरा. म्हणजे दिवसा सगळे दिवे आणि पंखे बंद ठेवून, इंजिन न थांबवता पुढचं गाव गाठता येतं. रात्री हेडलाइट लावले की हाच वेळ तास-दीड तासावर येतो. अंधार पडायच्या आत थांबा. मंद दिव्यांनी हायवेवर रखडणारी जुनी गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही, आणि तिथे डायनॅमोची किंमत कुणी विचारत नाही.

म्हणून मोठ्या प्रवासाला निघताना एक जादा पट्टा, तो बसेल असा पाना, वायरीचा तुकडा, मल्टिमीटर आणि पाण्याचे कॅन सोबत ठेवा. पाणी गाडीसाठीही आणि माणसांसाठीही.

शेवटी एक प्रश्न हमखास येतो. अल्टरनेटर का नाही बसवायचा? बसवा ना. रोज रात्री गाडी चालवायची असेल, जादा दिवे लावायचे असतील तर तेच शहाणपणाचं. आता तर डायनॅमोच्याच कवचात बसणारे अल्टरनेटरही मिळतात. पण गाडी महिन्यातून दोनदा निघणार असेल, तर नीट तेलपाणी केलेला डायनॅमो पुरतो. बदललात तरी जुना डायनॅमो पुसून, कापडात गुंडाळून जपून ठेवा. तो उघडता येतो, भरता येतो, घासता येतो. त्याच्या आतला प्रत्येक भाग माणसाच्या हाताने दुरुस्त व्हावा म्हणून बनवलेला आहे. आणि असे हातही आता कमी होत चाललेत. सनाइयात मोटारी भरणारी पिढी साठी ओलांडतेय, आपल्या तालुक्यांतही तेच चित्र आहे. तुमच्या गावात असा कुणी कारागीर असेल तर त्याच्याकडे काम न्या, आणि सोबत एखाद्या पोराला न्या. बघून बघूनच हे काम येतं.

तर मंडळी, या आठवड्यात एवढं करा. गाडी सुरू करा, बॉनेट उघडा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. काही वेगळं ऐकू आलं तर पट्टा ताणायच्या आधी तेलाचं भोक शोधा.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.